बिनकामाचं पान

नळाला पाणी चौथ्या दिवशी येतं, कधी पाचव्या,
त्यामुळे झाड घ्यायचं तर
आधी पिंपाचा हिशेब.
विडी घरकुलात आमच्या दारासमोर जागा किती,
दोन सायकली उभ्या राहतील एवढी.
माती काळी. उन्हाळ्यात फाटते,
पावसाळ्यात चप्पल ठेवून घेते.

तरी लसमव्वा म्हणाली, झुडूप पाहिजे.
पान मोठं.
आणि गड्ड्याची जत्रा उठली की
जे ओकंबोकं होऊन बसतं,
तसलं नको.

होटगी रस्त्याला रिक्षानं गेलो, सासू-सून,
मी टॉवेलच्या कारखान्यातली अर्धी पाळी बुडवून.
इलाही बागवान पाइपनं रोपांवर पाणी मारत होता.
"कुठलं बघूलालाव, अम्मा?"

अम्मा बघत नव्हती. चाचपत होती.
अंगठा आणि पहिलं बोट, देठापासून टोकापर्यंत,
शीर वर आहे की खाली,
भिजवलं तर मऊ पडेल का.
एकेचाळीस वर्षं हीच दोन बोटं:
मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
पानावर पत्र्याचा साचा ठेवायचा, कात्री फिरवायची,
हजाराला इतके,
आणि संध्याकाळी चेकरनं मूठभर छाट बाजूला टाकली
की घरापर्यंत ती कुणाशी बोलत नसे.

जास्वंदीला तिनं एका बोटात नापास केलं. पिठ्या ढेकूण.
तगर? फुलं देवाला तोडावी लागतील, रोज उठून.
कण्हेर मीच नको म्हटलं, गल्लीत रांगती पोरं आहेत.
क्रोटनकडे बघून ती हसली,
सेलमधल्या साडीकडे बघून हसते तशी.

मग तिला खोकला आला, तो नेहमीचा,
कमरेत वाकवणारा.
इलाहीनं पाइप खाली टाकला.
"अडुळसा न्या की. उन्हाला दाद देत नाही,
शेळी तोंड लावत नाही, पान रुंद, बारमाही हिरवं,
आणि काढा केला तर..."
"वद्दु," ती म्हणाली.
सोलापुरात वद्दु कुणाला समजावून सांगावं लागत नाही.
"कामाचं पान नको."

हे मात्र इलाहीला समजलं नाही.
मला समजलं असं वाटलं,
तेही परतीच्या रिक्षात.

शेवटी कोपऱ्यात, हिरव्या जाळीखाली, क्लुसिया.
नाव तिच्या तोंडात बसेना.
पान चामड्यासारखं, तळहाताएवढं,
मुडपलं तर कचकन मोडेल, वळणार नाही.
"ह्याची विडी होत नाही," ती म्हणाली
आणि पदराची गाठ सोडून पैसे तिनंच दिले.
एकशे ऐंशीचे दीडशे.

मी विचारलं, गळत नाही ना पान?
"गळतं की," इलाही म्हणाला. "सगळ्यांचीच गळतात.
ह्याची एकदम गळत नाहीत.
नवं आलं की मागचं एखादं जातं,
तुमचं लक्ष नसतं, एवढंच."
लसमव्वा रोप मांडीवर घेऊन बसली,
सूप घ्यायची तशीच,
पाय थोडे फाकून.

आता मे. पारा चव्वेचाळीसला टेकलाय.
दुपारी त्याच्यावर जुनी चादर बांधतो,
तांदूळ धुतलेलं पाणी त्याचं.
शेजारच्या साईप्रियाला शोध लागला
की ह्या पानावर नखानं लिहिलं तर राहतं.
तिनं स्वतःचं नाव लिहिलं, खाली सात अधिक आठ.
मी ओरडले.
लसमव्वा म्हणाली, असू दे.

काल वीज गेली तेव्हा ती दारात बसलेली दिसली.
उजव्या अंगठ्याचं नख, विड्यांची तोंडं मुडपून
वाकडं झालेलं,
खालच्या एका पानावर फिरत होतं,
देठाकडून सुरुवात,
साच्याची रेघ, चारी बाजू बरोबर,
माप अजून हातात.
रेघ जिथून निघाली तिथं येऊन मिळाली.
मग ते पान होतं तिथंच ठेवून
ती चहाला उठली.